बडी की बाळंत?

जेवण झालं, बिलाच्या बशीतली बडीशेप तोंडात टाकलीत ना? आता डोळे मिटून सावकाश चावा.

उघडलेत? पायांत चप्पल नाही आणि खाली बीडच्या बाजाराचा फुफाटा आहे. राज्य निजामाचं, महिना वैशाख. एवढं कळलं तरी पुरे. सावली बघून पळा.

वाराही चुलीतून निघाल्यासारखा येतोय. बैलगाड्यांची चाकं करकरतात, कुणीतरी हातभर अंतरावर कोंबड्यांचा भाव ओरडतंय. एका गाडीखाली कातड्याची छागल टांगलीय. बीडच्या छागली नावाजलेल्या. गाडीवान ओंजळीत पाणी ओततो. चामड्याचा वास येतो खरा, पण पाणी गार आहे. नाक मुरडू नका.

मुठीत निजामाच्या ‘हाली’ चलनातला एक आणा आहे आणि कानात आजीची ताकीद : ‘‘शेप घिऊन ये रं. घरात बाळंतीण हाय.’’

अत्ताराच्या दुकानात शिरलात की आधी शिंक येते. हिरडा, वावडिंग, वेखंड, ज्येष्ठमध... पोत्यांची तोंडं उघडी, सगळे वास एकमेकांत मिसळलेले. दोऱ्यानं कानाला बांधलेल्या चष्म्यातून चाचा तुमच्याकडे बघतात.

‘‘कौन सी होना? बडी, या बाळंत?’’

झाली ना पंचाईत! चाचा हसतात आणि तळहातावर दोन चिमटी ठेवतात. एक दाणा चपटा, तपकिरी, कडेला पातळ पापुद्रा असलेला. चुरगळा. थेट शेपूच्या भाजीचा उग्र वास. अर्थातच, कारण हे शेपूचंच बी, बाळंतशेप. दुसरा लांबट, हिरवट, अंगावर उभ्या रेघा. तोही चुरगळा. गोड, ज्येष्ठमधाच्या जवळचा वास. ही बडीशेप. पहिल्याच्या वासामागे कार्व्होन, दुसऱ्याच्या गोडव्यामागे अ‍ॅनेथोल, हे तुम्ही आणलेलं शहाणपण. चाचांना ही नावं ठाऊक नाहीत, पण अंधारातही त्यांची चूक होणार नाही. तुमची मात्र झाली असती. आजही कित्येकांची होते.

मागच्या ओसरीवर तांब्याच्या देगीत रात्रभर भिजलेली बडीशेप उकळतेय. नळीतून थेंब थेंब अर्क भांड्यात पडतो. हकीम त्याला अर्के बादियान म्हणतात. पोट फुगलं, जेवण जड झालं की घोटभर. तिथं उभं राहूनच घाम दुप्पट सुटतो, पण पाय निघत नाही.

दोन्ही पुड्या घ्या. आणा संपला.

घरात बाळंतिणीची खोली अंधारी. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा आणि बाळंतशेपेची धुरी. डोळे झोंबतात, बाळ किंचाळतं, भिंतीही घामेजल्यात. बाहेर चुलीपाशी आजी दोन्ही शेपा, ओवा, तीळ तव्यावर परतून किसलेलं खोबरं आणि मिठाची कणी घालते. जेवणानंतर बाळंतिणीच्या हातावर मूठभर. ‘‘दूध उतरतं, वारा सरतो.’’ दुधाबद्दल आजचे डॉक्टर हात राखून बोलतील. वारा सरायला मात्र बडीशेप बरी, हे तुमच्याही घरात चालत आलेलं आहे.

आजी मग चमच्यात शेपेचं पाणी घेऊन बाळाकडे वळते. तिच्या मायेत खोट नाही. पण परत येताना ही एक रीत तिथंच सोडून या. पहिले सहा महिने बाळाला आईचं दूध, दुसरं काही नाही.

तुमचा चेहरा उन्हानं लाल झालाय, हे आजीनं केव्हाच हेरलंय. रात्री भिजवलेली बडीशेप पाट्यावर वाटून फडक्यातून गाळलेली, खडीसाखर, माठाचं पाणी. ‘‘पी लेकरा.’’ पहिल्या घोटाला घशातली आग बसते, दुसऱ्याला पोटातली. पितळी पेल्याचा गार काठ ओठांना लागतो आणि जीभ गोडावते, अगदी त्या...

...बशीतल्या बडीशेपेसारखी. आलात परत. पण या गोळ्या गुलाबी, पिवळ्या, साखरेनं मढवलेल्या. आतला दाणा शोधावा लागतो. वेटरला हाक मारा, साधी हिरवी मागा. आणि तोंडात टाकण्याआधी दोन बोटांत चुरगळून बघा, चाचांनी दिली होती तीच आहे ना.