जेरंड : इंग्रजीतील धातुसाधित नाम

इंग्रजी क्रियापदाला '-इंग' लागून तयार होणारे व वाक्यात नामाचे काम करणारे रूप. 'रीडिंग नॉव्हेल्स इज हर हॉबी' या वाक्यात 'रीडिंग' कर्त्याच्या जागी आले आहे, पण धातूचा गुण त्याने सोडलेला नाही. त्याला स्वतःचे कर्म आहे. मराठीत याचे सर्वांत जवळचे रूप '-णे'चे : 'कादंबऱ्या वाचणे'. या नोंदीत जेरंडाचा विचार मुख्यतः ब्रह्मपुरी (जि. चंद्रपूर) व वैनगंगेच्या दोन्ही काठांवरील झाडीपट्टीतील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांच्या अंगाने केला आहे.

व्युत्पत्ती व इतिहास. हे नाव लॅटिन व्याकरणातून आले. जुन्या इंग्रजीत क्रियावाचक नामाला '-उंग' किंवा '-इंग' आणि वर्तमानकालवाचक धातुसाधित विशेषणाला '-एंडे' असे निराळे प्रत्यय होते. मध्य इंग्रजीच्या काळात दोन्हींचे रूप '-इंग' असे एकच झाले. आज विद्यार्थ्याला पडणारे बहुतेक पेच या एकत्रीकरणातून निघाले आहेत. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ च्या केंब्रिज व्याकरणाने नाम व विशेषण हा भेदच सोडून दोन्हींना एका वर्गात घातले. शालेय व्याकरणांत मात्र भेद टिकून आहे आणि मराठी विद्यार्थ्याला तो टिकणेच सोयीचे आहे, कारण त्याच्या भाषेत ही कामे आजही वेगवेगळे प्रत्यय करतात.

मराठीशी तुलना. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथापर्यंत मराठी व्याकरणकारांनी धातुसाधितांची बारकाईने मांडणी केली आहे. '-णे'चे नाम होते व ते विभक्तीत चालते (करण्याचा, करण्यास, करण्यात). '-णारा'चे विशेषण होते. '-त' व '-ताना' क्रियाविशेषणासारखे वागतात. इंग्रजीत या सगळ्यांच्या जागी एकटे '-इंग' उभे राहते. म्हणून शंका आली की मराठी करून पाहावे. 'वॉकिंग स्टिक' म्हणजे चालण्याची काठी, चालणारी काठी नव्हे. तेव्हा तो जेरंड. 'बर्निंग वुड' म्हणजे जळणारे लाकूड, ते विशेषण. 'स्लीपिंग बॅग' ही झोपण्याची पिशवी. 'स्लीपिंग चाइल्ड' मात्र झोपणारे मूल नाही, झोपलेले मूल आहे. झोपणे, बसणे, टेकणे अशा स्थितिवाचक धातूंना मराठी '-लेला' लावते, हे शिक्षकाने आधीच सांगून ठेवावे. एरवी ही कसोटी सहसा दगा देत नाही.

नेहमीच्या चुका व त्यांचे मूळ. 'आय एन्जॉय टू स्विम', 'ही अव्हॉइडेड टू मीट मी', 'विदाउट टू टेक परमिशन' ही वाक्ये उत्तरपत्रिकांत सर्रास भेटतात. त्यांना निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशापासून मराठी कोशांत क्रियापदाची नोंद 'करणें', 'जाणें' अशी, म्हणजे नामरूपाने होत आली. शाळेतल्या शब्दार्थांच्या वहीत त्यासमोर 'टू डू', 'टू गो' लिहिले जाते. 'जाणे म्हणजे टू गो' हे पाचवीच्या वर्गात, आणि २००० पासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झाल्यावर त्याहून आधी, इतके घोटले जाते की '-णे' दिसताच 'टू' उमटतो. 'जाणे म्हणजे गोइंगही' ही दुसरी ओळ वहीत कुणी लिहून देत नाही. ती लिहून दिली पाहिजे.

झाडीपट्टीत याला आणखी एक पदर आहे. प्रमाण मराठीतील चतुर्थीच्या '-ला'ऐवजी इथे '-ले' लागतो : मले, तुले, घराले. क्रियापदांतही तोच : कराले, पाहाले. 'मले पोहाले आवडते' म्हणणारे मूल 'पोहाले'चे 'टू स्विम' करते, कारण 'घराले' म्हणजे 'टू द हाउस' हे त्याला शिकवलेलेच असते. त्याने नियम पाळलेला असतो. 'एन्जॉय', 'अव्हॉइड', 'फिनिश', 'माइंड', 'सजेस्ट', 'डिनाय' यांच्यापुढे '-इंग' आणि 'वाँट', 'होप', 'डिसाइड', 'रिफ्यूज' यांच्यापुढे 'टू', एवढे मात्र पाठच करावे लागते. त्याला बोलीतला आधार नाही.

बोलीचा आधार जिथे आहे तिथे तो भक्कम आहे. 'तो बोलाचा थांबला' आणि 'तो बोलाले थांबला' यांतला फरक ब्रह्मपुरीच्या कोणत्याही मुलाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यात बोलणे बंद झाले, दुसऱ्यात बोलण्यासाठी पाय थांबले. पहिले 'स्टॉप्ड टॉकिंग', दुसरे 'स्टॉप्ड टू टॉक'. 'कराची सवय', 'जाचा कंटाळा', 'पडाची भीती' या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत शब्दयोगी अव्यय येते व त्यापुढे '-इंग'. थोडक्यात नामाच्या आधी '-चा, -ची, -चे' असेल तर जेरंड बहुधा बरोबर ठरतो. 'मले जाचं हाय' हे या नियमात बसत नाही. 'रिमेंबर'ला मराठीत तिसरेच रूप लागते : कुलूप लावल्याचे आठवते ('रिमेंबर लॉकिंग'), पण कुलूप लावायचे लक्षात ठेव ('रिमेंबर टू लॉक').

'टू' नंतरचा जेरंड. 'यूज्ड टू', 'लुक फॉरवर्ड टू', 'ऑब्जेक्ट टू' यांतील 'टू' हे शब्दयोगी अव्यय आहे. कसोटी सोपी : त्यापुढे साधे नाम ठेवून पाहावे. ब्रह्मपुरीचे उन्हाळी तापमान राज्यातील सर्वाधिक नोंदींत वारंवार असते. तेव्हा 'आय अॅम यूज्ड टू द हीट' हे वाक्य इथल्या मुलाला शोधावे लागत नाही. 'हीट' बसले, म्हणजे 'यूज्ड टू वर्किंग इन द हीट' बसणार. 'वाँट टू द हीट' म्हणता येत नाही, म्हणून 'वाँट टू वर्क'.

पूर्ण नाम झालेली रूपे. 'बिल्डिंग', 'मीटिंग', 'वेडिंग' ही रूपे धातूपासून सुटून स्वतंत्र नामे झाली. त्यांना अनेकवचन होते, कर्म घेता येत नाही. झाडीपट्टीतील 'रोवणा' हा याचा नमुना आहे. धानाची रोपे बांधीत 'रोवणे' ही क्रिया; 'रोवणा' हा त्या हंगामाचा व कामाचा शब्द. बोलीत 'ण'चा 'न' होऊन तो 'रोवना' असा ऐकू येतो. 'आमचा रोवना आटोपला' म्हणताना कुणाला धातू आठवत नाही, जसा 'मीटिंग संपली' म्हणताना 'मीट' आठवत नाही. धान मळण्याचा 'चुरणा' हाही याच जातीचा. कोशकाराच्या दृष्टीने हे शब्द मोलाचे आहेत. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला व शब्दसंग्रहाला वाहून घेतले. व्याकरण शिकवणाऱ्यांनी त्या संग्रहाकडे उदाहरणांसाठी वळावे.

जेरंडाचा कर्ता. 'हिज गोइंग' की 'हिम गोइंग', हा वाद जुना आहे. फाउलर यांनी १९२६ च्या 'मॉडर्न इंग्लिश यूसेज'मध्ये षष्ठीचा आग्रह धरला, येस्पर्सन यांनी तो मानला नाही. आज बोलण्यात दोन्ही चालतात. औपचारिक लेखनात षष्ठी अधिक सुरक्षित समजली जाते. मराठी विद्यार्थी इथे क्वचितच अडतो, कारण 'त्याचे जाणे' हे रूप त्याच्या घरचेच आहे.

 

अध्यापनाविषयी. 'बोलाचा' आणि 'बोलाले' ही रूपे वर्गात अशुद्ध म्हणून खोडली जातात आणि मग तोच फरक इंग्रजीतून नव्याने शिकवावा लागतो. ती फळ्यावर लिहावीत आणि त्यांच्या शेजारी 'टॉकिंग' व 'टू टॉक' लिहावे.