मी पाठवलेला व्हिडिओ, राईनपाडा आणि अफवेचा जुना रस्ता

मित्रहो, पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. अर्धी वाचून पुढे पाठवू नका, एवढीच विनंती. का, ते पुढे येईलच.

जून २०१८. मिरगाचा पाऊस पडून गेला होता, पेरण्यांची धांदल सुरू होती. मी जालन्यात, आई गावाकडे. गाव भोकरदन तालुक्यातलं, नाव मुद्दाम लिहीत नाही. एका पाहुण्याने मला व्हिडिओ पाठवला. गल्लीत पोरं खेळतायत, मोटारसायकलवर दोघं येतात, एक लेकरू उचलतात आणि पसार. वीसेक सेकंदांचा खेळ. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची. पोटात गोळाच आला. मी तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला आणि खाली स्वतः एक ओळ लिहिली, "लेकरं सांभाळा, आपल्या भागात टोळी उतरली आहे."

आता खरं सांगतो. ही ओळ मला कुणीही सांगितलेली नव्हती. व्हिडिओत "आपला भाग" कुठेच नव्हता. तो मी घातला. आणि मी इतिहासात एम.ए. केलेला माणूस, साधनांची चिकित्सा या विषयावर पेपर लिहून पास झालेला!

तो व्हिडिओ कराचीचा होता, हे नंतर कळलं. मुलं हरवण्याबद्दल जागृती करणारी तिथल्या एका संस्थेची ती जाहिरात. मूळ फितीत ते दोघं परत येतात, लेकरू खाली ठेवतात आणि फलक दाखवतात. शेवटचा तेवढा तुकडा कुणीतरी कापला होता.

चार-पाच दिवसांनी गावात दोन डवरी गोसावी आले. भगवे कपडे, खांद्याला झोळी, हातात डौर. पोरांनी त्यांना पारावर अडवलं. "आधार दाखव" सुरू झालं. फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि फोटोखाली माझीच ओळ कॉपी केलेली. शब्द न शब्द माझा. मी जालन्यात चहा पीत बसलो होतो, हाताला घाम फुटला. फोन लावला तर कुणी उचलेना.

वाचवलं आईने. ती गर्दीत शिरली नि म्हणाली, "आरं, हे तर दरसाली येतेत. ह्याच्या बापाला मी जवारी घातलीय." मग पोलीस पाटील आले, दोघांना पाणी पाजलं, एसटीत बसवून दिलं. विषय संपला, असं तेव्हा वाटलं.

१ जुलैला राईनपाडा घडलं.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं आदिवासी गाव. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागायला आलेले पाच जण तिथे उतरले. नाथपंथी डवरी गोसावी, बहुतेक सोलापूरच्या मंगळवेढा तालुक्यातले. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढं निमित्त पुरलं. जमावाने मारत मारत त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथेच पाचही जण संपवले. मारणाऱ्यांनीच व्हिडिओ काढले, ते पुढे राज्यभर फिरले. त्याच रात्री मालेगावातही जमावाने पाच जणांना घेरलं होतं, त्यात एक तान्हं मूल. तिथे स्थानिक लोक आणि पोलीस मध्ये पडले, पाचही वाचले. राईनपाड्यात मध्ये पडायला कुणी पुरेसं नव्हतं.

आणि त्याआधीच, ८ जूनला, आपल्या शेजारच्या औरंगाबाद जिल्ह्यात वैजापूर तालुक्यातल्या चांदगावला दोघांचा जमावाने जीव घेतला होता. आमच्या ग्रुपवर ती बातमी कशी आली माहितीय? "वैजापूरला टोळीतले दोघं सापडले." म्हणजे अफवेने ज्यांचा बळी घेतला, तेच तिचा पुरावा झाले. माझ्या ओळीला बळ मिळालं ते असं.

मोबाईलने माणसं बिघडली, असं आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मी सातवीत होतो. त्यानंतर कितीतरी रात्री आमची गल्ली अंगणात झोपली, कारण "आज बाराला परत हलणार." ही बातमी एसटीच्या कंडक्टरने आणलेली असायची. कंडक्टर म्हणजे आमचं आकाशवाणी केंद्रच. मग २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार, गणपती दूध प्यायला लागले. दिल्लीत पहाटे सुरू झालेलं दुपारपर्यंत आमच्याकडे पोचलंसुद्धा, तेही एसटीडीच्या डबड्यांवरून. दुधाची पातेली घेऊन बायका-माणसं देवळाकडे निघाली, राजूरला जायला जीप मिळेना. शास्त्रज्ञांनी पृष्ठताण, केशाकर्षण समजावून सांगितलं, रंगीत दूध वापरून ते मूर्तीवरून खाली ओघळताना दाखवलं. अंनिसच्या कार्यकर्त्यांनीही प्रयोग केले. आमच्या वडिलांचं त्यावर म्हणणं, "प्याले तर प्याले, तुमचं काय गेलं?" खरंच कुणाचं काही गेलं नव्हतं, दूध सोडून.

पण त्याच्या शंभर वर्षं आधी जीवावर बेतलं होतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे माणसं मारून त्यांची ममई काढतात, अशी बोलवा उठली. २९ ऑक्टोबर १८९६ ला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. ती माणसं अडाणी म्हणून असं वागली, हे इंग्रज अधिकाऱ्यांचं उत्तर. पण थोडं थांबून बघा. दवाखान्यात नेलेले बहुतेक खरोखरच परत येत नव्हते. ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला अमर्याद अधिकार दिले. पुण्यात गोरे सोल्जर घरात घुसून झडत्या घेत होते. रँडवर २२ जून १८९७ ला गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच्या मागे हाच संताप होता. ममईची गोष्ट साफ खोटी, पण तिच्याखालचा अविश्वास खोटा नव्हता. २०२१ ला आपल्याच खेड्यांत लस घ्यायला माणसं शेतात पळाली, तेव्हा मला हेच आठवत होतं.

आता अभ्यासकांकडे येऊ, कारण तिथे खरा वाद आहे आणि तो आपल्याकडे फारसा पोचत नाही.

२०१८ च्याच मार्चमध्ये एमआयटीच्या तिघांचा, वोसुगी, रॉय आणि अरल यांचा, अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार गोष्टी त्यांनी तपासल्या. खोटी गोष्ट पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त. १५०० माणसांपर्यंत पोचायला खरीला खोटीच्या सहापट वेळ लागला. आणि हे यंत्रांनी पसरवलेलं नाही, माणसांनी पसरवलं, असा त्यांचा निष्कर्ष. पण हे ट्विटरचं झालं. आमच्या पारावर ट्विटर कोण वापरतं? व्हॉट्सॲपवरचं बोलणं कुलूपबंद, तिथे असं मोजमाप करायची सोयच नाही.

कंपनीने उपाय केले. जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली, "फॉरवर्डेड" ही पाटी आली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी, इथवर नियम आवळला. आणि त्याच महिन्यात, १६ एप्रिलला, पालघरच्या गडचिंचलेला दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाने मारले. तिथेही चोरांची आणि मुलं पळवणाऱ्यांची अफवा होती. वर दुसरी अफवा उठली, की मारणारे मुसलमान होते. शेवटी गृहमंत्री अनिल देशमुखांना अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर करून सांगावं लागलं, की त्यात एकही मुसलमान नाही. मेलेल्या तिघांवर दोन वेळा खोटं लादलं गेलं.

मग दुसरा उपाय, लोकांना शिकवा. सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये बाराशेच्या वर लोकांवर प्रयोग केला. घरी जाऊन तासभर शिकवलं, खोटी बातमी कशी ओळखायची, फोटो कसा तपासायचा. निकाल? एकूणात फरक पडला नाही. काही पक्षनिष्ठ लोक तर आपल्या पक्षाला सोयीच्या खोट्या बातम्या ओळखण्यात आणखी मागे पडले. हे वाचून मी दोन दिवस उदास होतो. पुढे त्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहारमध्येच शाळकरी मुलांसाठी वर्ग चालवले, काही महिने, तेरा हजारांहून जास्त मुलं. तिथे मात्र फरक दिसला, तो टिकलाही आणि घरच्यांपर्यंत थोडा झिरपलाही. तासाभराचं भाषण आणि महिनोन् महिने चाललेला वर्ग, दोन्हींत एवढा फरक. आपल्याकडे कार्यशाळा म्हणजे अजूनही एक तास, एक पुष्पगुच्छ आणि एक फोटो.

तिसरं म्हणणं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बनाजी आणि राम भट यांचं, २०१९ चं. त्यांनी महाराष्ट्रातही काम केलं होतं. ते म्हणतात, प्रश्न अडाणीपणाचा नाहीच. लोक खोटं पुढे पाठवतात ते मनात आधीच असलेल्या द्वेषामुळे, आणि मार खाणारे कोण हे ठरलेलं असतं. सुरुवातीला मला हे अति वाटलं. मग आमच्या पारावरचा फोटो डोळ्यांसमोर आणला. त्या आठवड्यात गावात बियाणं कंपनीचे दोन अनोळखी प्रतिनिधीही आले होते, मोटारसायकलवर, अगदी व्हिडिओतल्यासारखे. त्यांना कुणी आधार मागितलं नाही. चहा पाजला. झोळीवाल्याला मागितलं. गोसावी, पारधी, नंदीवाले यांना गुन्हेगार समजण्याची सवय व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीची आहे, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याइतकी तरी जुनी.

सरकारकडचं औषध म्हणजे बंदी. २६ फेब्रुवारी २०२४ ला आपण ते अनुभवलं. मराठा आंदोलन पेटलेलं, अंबड तालुक्यात संचारबंदी, जालना, बीड आणि संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट बंद. अफवा थांबाव्यात म्हणून. त्या दिवशी मला साध्या फोनवरून तीन वेगवेगळ्या बातम्या आल्या. त्यातली तीर्थपुरीला बस जाळल्याची तेवढी खरी निघाली. बाकी दोन तपासायचं साधनच बंद होतं! सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सांगून ठेवलंय, की असे आदेश प्रसिद्ध करावेत आणि गरजेपुरतेच असावेत. ते आदेश वाचलेला एक माणूस मला जालन्यात भेटलेला नाही, वकील धरून.

केंद्राने २०२३ मध्ये आपल्याबद्दलचं खरं-खोटं स्वतःच ठरवणारा तपासणी कक्ष काढायचा नियम केला. मुंबई हायकोर्टात दोन न्यायमूर्तींचं एकमत होईना, तेव्हा प्रकरण तिसऱ्याकडे गेलं. न्या. चांदुरकरांनी सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरवला. मला ते योग्य वाटतं. प्लेगच्या वेळी खरं काय ते सरकारच सांगत होतं, आणि म्हणूनच लोक ऐकत नव्हते.

नव्या न्याय संहितेत जमावाने केलेल्या खुनाला वेगळं कलम आहे, १०३ (२). जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेला खून. संहिता लागू झाली १ जुलै २०२४ ला, राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी. पण "पोरं धरणारा आहे" या संशयावरून केलेला खून त्या कारणांत बसतो का, यावर वकिली होणारच. आणि मागे राहून ओळ लिहिणारा माणूस कोणत्या कलमात बसतो? मी स्वतःला शोधलं त्यात.

मी ती ओळ ग्रुपवरून काढली होती, तेव्हा "धिस मेसेज वॉज डिलीटेड" एवढंच उरलं. चूक झाली असं त्या ग्रुपवर लिहायला मला तीन वर्षं लागली. लिहिलं तर चार अंगठे आले आणि एकाने विचारलं, "कोणता व्हिडिओ, भाऊ?"

ते दोघं डवरी त्यानंतर आमच्या गावात आलेले नाहीत. आई दर साली पेरण्या झाल्या की विचारते, यंदाही विचारलं.

तुमच्या गावात २०१८ च्या जूनमध्ये काय झालं होतं, ते खाली लिहा. गस्त घातली असेल, कुणाला अडवलं असेल, कुणाला वाचवलं असेल. गावाचं नाव चालेल, माणसांची नावं आणि फोटो टाकू नका.