उसाचे प्लास्टिक आणि रेणूंची सोयरीक

कराडहून सांगलीकडे कृष्णाकाठाने जाताना जागोजागी ऊस दिसतो. मधल्या भाजीपाल्याच्या शेतांत मल्चिंग पेपर अंथरलेला असतो. नाव पेपर, पण असते पॉलिइथिलीन. पीक निघाल्यावर त्याच्या चिंध्या मातीत उरतात. मग हा पेपर शेजारच्या उसापासूनच का करू नये?

कल्पना जुनी आहे. स्वीडनच्या शेले यांनी १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळे केले. जिवाणूंनी साखर आंबवली तरी हेच आम्ल मिळते. १९३२ मध्ये अमेरिकेत कॅरोदर्स यांनी त्यापासून बहुवारिक बनवले. पण रेणूंच्या साखळ्या आखूड, म्हणून पदार्थ कमकुवत. पुढे लांब साखळ्या साधल्या. २००२ मध्ये नेब्रास्कात मक्यापासून हे पॉलिलॅक्टिक आम्ल बनवणारा मोठा कारखाना सुरू झाला. २०२४ मध्ये नीरा नदीपलीकडे, जेजुरीला, प्राज इंडस्ट्रीजचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला.

मात्र हे प्लास्टिक ठिसूळ असते आणि सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. म्हणून त्यात पीबीएटी हे लवचीक, विघटनशील प्लास्टिक मिसळतात. अडचण इथेच येते. साखर पाण्यात सहज विरघळते, कारण लहान रेणू मोकळेपणी विखुरतात. लांब साखळ्यांना तशी मोकळीक नसते. एकाचे थेंब दुसऱ्यात वेगळेच राहतात आणि ताण पडताच जोडावर तडा जातो.

उपाय म्हणजे मिसळतानाच रासायनिक अभिक्रिया घडवणे. गुडइयर यांनी १८३९ मध्ये झाडाच्या चिकापासून मिळणारे रबर गंधकासह तापवून टिकाऊ केले, त्यामागेही साखळ्या जोडण्याचेच तत्त्व होते. आज दोन मळसूत्रांच्या यंत्रात, १८० ते २०० अंशांना, वितळलेल्या मिश्रणात इपॉक्सी गटांचे पूरक द्रव्य घालतात. ते दोन्ही साखळ्यांची टोके पकडते; जणू दोन परक्या गावांत सोयरीक जुळते. थेंब बारीक होतात, जोड पक्का होतो. सारे एकदोन मिनिटांत. पूरक द्रव्य जास्त झाले तर गाठी होतात. कच्चा माल ओला असला तर पाणी साखळ्याच तोडते.

तरी एक गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. पीबीएटी आजही मुख्यतः खनिज तेलापासून बनते, तरी जिवाणू ते पचवतात. पॉलिलॅक्टिक आम्ल उसापासून बनते, पण ते सुमारे ५८ अंशांच्या तापलेल्या कंपोस्टमध्ये लवकर कुजते. साध्या मातीत फार सावकाश. वस्तू कशापासून झाली आणि ती मातीत कशी जाते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शेतकऱ्याला दोन्हींची उत्तरे हवीत.