हॅम रेडिओ म्हणजे काय? क्लबमध्ये काय शिकायला मिळतं, परवाना कसा काढायचा? वाचा सविस्तर

गोवंडी (मुंबई उपनगर) : मोबाईलला रेंज नाही, लाईट गेलेली, टॉवरची बॅटरीही उतरलेली. अशा वेळी तालुक्याला निरोप कसा द्यायचा? या प्रश्नाचं एक जुनं आणि खात्रीचं उत्तर म्हणजे हॅम रेडिओ, म्हणजेच हौशी रेडिओ. सरकारचा परवाना घेऊन स्वतःच्या यंत्रावरून दुसऱ्या परवानाधारकाशी थेट बोलायचं, असा हा छंद आहे. मध्ये ना टॉवर लागतो, ना सिमकार्ड, ना रिचार्ज.

आवाज जातो कसा?

यात दोन प्रकार आहेत. हातात धरायचा छोटा सेट साधारण नजरेच्या टप्प्यात चालतो. मध्ये डोंगर आला की आवाज अडतो. म्हणून उंच जागेवर ‘रिपीटर’ बसवतात. तो आवाज पकडून पुढे फेकतो. दुसरा प्रकार शॉर्टवेव्हचा. या लहरी आकाशातल्या आयनोस्फिअर नावाच्या थरावर आपटून परत जमिनीवर येतात, त्यामुळे परराज्यात, परदेशातही बोलणं होतं. सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी साधी अँटेना करायची तर दोन बाजूंना साधारण १०-१० मीटर तांब्याची तार ताणली की काम भागतं. बरेच सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, म्हणजे गाडीची बॅटरीसुद्धा पुरते.

क्लबमध्ये काय चालतं?

हे एकट्यानं शिकणं अवघड, म्हणून क्लब. मुंबईत ‘मुंबई ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी’ ही संस्था आहे. गोवंडी-मानखुर्दकडे पोटापाण्यासाठी गेलेली गावाकडची अनेक कुटुंबं आहेत. त्यांच्या पोरांना तिथे चौकशी करता येईल. अशा क्लबांमध्ये साधारणपणे पुढच्या गोष्टी होतात :

- परीक्षेची तयारी : रेडिओचं शास्त्र आणि नियम शिकवतात.
- हाताचं काम : सोल्डरिंग, अँटेना बनवणं, जुना सेट दुरुस्त करणं.
- ‘नेट’ : ठरलेल्या वेळी सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर येतात. एकजण सूत्रं सांभाळतो, बाकीचे पाळीनं बोलतात. आपत्तीत निरोप देण्याची खरी सवय इथेच लागते.
- ‘फॉक्स हंट’ : कुठेतरी लपवलेला ट्रान्समीटर अँटेना फिरवून शोधायचा. पोरांचा सगळ्यात आवडता खेळ.
- मोर्स : ‘डिट-डा’ची भाषा. आवाज कळेनासा झाला तरी मोर्स कळतं.
- जांबोरी ऑन द एअर : दरवर्षी ऑक्टोबरमध्ये जगभरातले स्काऊट-गाईड रेडिओवरून भेटतात.

अवकाशापर्यंत पोच

पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोनं सोडला. वजन जेमतेम एक किलो. हौशी रेडिओवाल्यांचे संदेश पोचवणं हा त्याचा हेतू होता. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबईच्या आयआयटीचा ‘प्रथम’ गेला. जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अवकाश स्थानकात असताना हॅम रेडिओवरूनच भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलले.

मुंबईचा जुना धागा

दुसरं महायुद्ध लागताच, १९३९ मध्ये, इंग्रज सरकारनं हौशी परवाने बंद केले. तरी १९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीत उषा मेहता आणि साथीदारांनी मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. रेडिओचं तंत्र जाणणाऱ्या नरिमन प्रिंटर यांनी त्याचा ट्रान्समीटर जुळवून दिला होता. पोलीस मागावर म्हणून जागा सतत बदलावी लागे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो पकडला गेला.

गावाला उपयोग काय?

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेहून जास्त माणसं गेली. बाहेरच्या जगाला पहिली खबर लागली ती एसटीच्या चालकामुळे. तो गाडी घेऊन आला तर गावच जागेवर नव्हतं. मुंबईतही २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि फोन लागेनासे झाले. २००४ च्या त्सुनामीत मात्र अंदमानात आधीच गेलेल्या हॅम मंडळींनी तिथूनच निरोप पोचवले. रेडिओनं दरड थांबत नाही, पण हाक लवकर पोचते. त्यासाठी सेट आणि तो चालवणारा माणूस आधीपासून गावात पाहिजे.

परवाना कसा मिळतो?

- वय किमान १२ वर्षे. शाळा-कॉलेजची अट नाही.
- परीक्षा दूरसंचार विभागाची. रेडिओचं शास्त्र आणि नियम असे दोन भाग.
- दोन श्रेणी : ‘रिस्ट्रिक्टेड’ला मोर्स लागत नाही. ‘जनरल’ला मोर्स येणं गरजेचं.
- मुंबईत या विभागाचं वायरलेस मॉनिटरिंग केंद्र बोरिवली पश्चिमेला गोराई रोडवर आहे.
- परवान्याचा अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर. पास झाल्यावर स्वतःचं कॉलसाईन मिळतं. भारतात ते बहुतेक ‘व्हीयू’नं सुरू होतं.

अर्ज करण्याआधी चालू नियम आणि फी पोर्टलवर बघून घ्यावी.

हे करू नका

विनापरवाना हॅम पट्ट्यावर बोलणं गुन्हा आहे. परवाना असला तरी धंद्याचं बोलणं, गाणी लावणं, सांकेतिक भाषेत बोलणं चालत नाही. म्हणजे ट्रॅक्टर बोलवायला किंवा बाजारभाव ठरवायला हा रेडिओ नाही. ऑनलाईन स्वस्तात मिळणारे वॉकीटॉकी घेतानाही जपून. अशा बेकायदा विक्रीवरून मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाईन कंपन्यांना नोटिसा काढल्या होत्या. शेतावर वापरायचाच असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा आहे. सेट त्याच पट्ट्याचा आणि मान्यताप्राप्त आहे का, ते आधी तपासा.

आजपासून सुरुवात कशी?

खर्च न करता सुरुवात करता येते. मोबाईलवर ‘वेबएसडीआर’ शोधा. कुठल्यातरी देशातला रेडिओ आपल्या फोनवर ऐकू येतो. मोर्स शिकवणारी मोफत ॲपही आहेत. महिनाभर ऐका, गोडी लागली तर जवळच्या क्लबशी बोला आणि मगच सेटवर पैसे घाला.