दोन यमुना

‘यमुनापर्यटन’ ही मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. तिच्या नायिकेचं नाव यमुना. त्यानंतर तेहतीस वर्षांनी सुरू झालेल्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ची नायिकाही यमुनाच. दोघींच्या वाट्याला वैधव्य येतं. दोघींचे लेखक पुरुष, आणि दोघेही तेव्हा विशीतले. तरीही पहिली यमुना परीक्षेपुरती लक्षात राहते आणि दुसरी घरातली वाटते. असं का होतं?

बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ 1857 साली लिहिलं. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं. यमुना नवऱ्यासोबत प्रवासाला निघते आणि मुक्कामागणिक तिला विधवांच्या कहाण्या कळत जातात. ही दुःखं खोटी नव्हती. मराठीत कादंबरीची वाटच नव्हती, तेव्हा पदमनजींनी थेट विधवांना मध्यभागी आणलं, हे मोठंच काम. पण त्या बायका येतात, दुःख सांगतात आणि जातात. त्या कशावर हसायच्या, कुणाशी भांडायच्या, हे आपल्याला फारसं कळत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर त्या टेस्ट केस आहेत. प्रश्न पटतो, माणूस मात्र भेटत नाही.

हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातच ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः छापली. 1893 मध्ये तिचं पुस्तक झालं. मधल्या काळात, 1891 साली, संमतिवयाचा कायदा आला आणि मुलींसाठीची वयोमर्यादा दहावरून बारा झाली. त्यावरून पुण्यात सभा, अग्रलेख, वादावादी, सगळं झालं. मुलींबद्दल बोलणारे बहुतेक पुरुषच होते. अशा वेळी आपट्यांनी सगळी गोष्ट यमूलाच सांगायला लावली. कादंबरी म्हणजे तिचं आत्मकथन.

या एका निर्णयाने बरंच काही आपोआप बदललं. यमू जे पाहील, ऐकेल किंवा तिच्या कानावर येईल तेवढंच आपल्याला कळतं. भाषा भाषणातली न राहता माजघरातली होते. आणि वेळ मिळतो. यमू आधी लहान मुलगी असते. मग माहेर, सासर, वाचायला शिकणं, नवऱ्याबरोबरचे मुंबईतले मोकळे दिवस. एवढं सगळं तिच्यासोबत जगल्यावर वैधव्य येतं, तेव्हा ते ‘एका विधवेचं’ राहत नाही. जबरदस्तीने केस काढले जातात ते यमूचे. दर आठवड्याला तिची वाट पाहणाऱ्या वाचकांना ते कसं लागलं असेल!

पण याच ताकदीला एक मर्यादाही आहे. ‘करमणूक’ निघालं त्याच 1890 साली मुंबईत, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, नाभिकांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. म्हणजे वस्तरा धरणाऱ्या माणसालाही मन होतं, आणि ते बंड करून उठलं होतं. यमूच्या गोष्टीत ती बाजू येऊ शकत नाही. ती ब्राह्मण घराच्या चार भिंतींतून बोलते, आणि तिथून न्हाव्याचा फक्त हात दिसतो.

पात्र जिवंत व्हावं म्हणून आज आपण त्याचा आवडता रंग, लहानपणीची भीती, असे तक्ते भरतो. त्याने थोडीफार मदत होतेही. पण यमू उभी राहिली ती तिला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक असणं शक्यच नाही, हे आपट्यांनी नक्की केल्यामुळे. तो प्रश्न आधी सोडवावा. मग दाराशी उभ्या असलेल्या, आपल्या पात्राला न दिसणाऱ्या माणसाकडे एकदा पाहावं. त्याची कादंबरी अजून लिहायची राहिलेली असू शकते.