न दिसणारी जखम आणि सैनिकाचें पेन्शन

वऱ्हाडचा आणि फौजेच्या हिशेबाचा संबंध जुना आहे. निजामाच्या राज्यांत ठेवलेल्या हैदराबाद कंटिंजंट फौजेचा पगार थकला, कर्ज वाढलें, आणि 1853 च्या मे महिन्यांतील तहानें हा काळ्याभोर जमिनीचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यांत गेला, तो त्या फौजेचा खर्च भागविण्यासाठीं. पूस नदीकांठचें पुसद या वऱ्हाडांतलेंच. तालुक्यांत ज्यांची मोठी वस्ती आहे त्या बंजारा समाजाचे तांडे एके काळीं बैलांच्या पाठीवर धान्य लादून दख्खनमधील फौजांना पुरवीत; 1803 च्या मोहिमेंत वेलस्लीची फौजही पुष्कळ अंशीं अशाच तांड्यांवर विसंबून होती. फौजेची भूक भागविणारांची गणना मात्र फौजेंत होत नसे.

पगार हिशेबांत मांडतां येतो. तुटलेला हात, गेलेला डोळा, हींही कशीबशी मांडतां येतात. परंतु ज्याचे हातपाय शाबूत आहेत, पण ज्याची झोप उडाली, जगण्यावरचें मन उडालें, त्या शिपायाचें काय मांडावयाचें?

हा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर पुढें आला तो 1914 च्या महायुद्धांत. 1915 सालीं चार्ल्स मायर्स या वैद्यानें अशा रुग्णांविषयीं लिहितांना ‘शेल शॉक’ हा शब्द छापून आणला. त्याच वर्षाच्या अखेरीस मेसोपोटेमियांत कुट येथें सहावी पुणें डिव्हिजन वेढ्यांत सांपडली. तींत मराठा पलटणी होत्या. 29 एप्रिल 1916 रोजीं उपासमारीनें शरणागति पतकरावी लागली व उरलेल्यांच्या वांट्यास तुर्कांची कैद आली. त्या उपासाचा शरीरावर झालेला परिणाम वजनकांट्यावर दिसे. मनावरचा मोजण्यास कोणापाशीं कांहींच साधन नव्हतें. इंग्लंडांत 1922 सालीं चौकशी-समितीनें ‘शेल शॉक’ हा शब्दच टाकून द्यावा अशी शिफारस केली. शब्द गेला, रोगी राहिले. पुढें 1943 सालीं त्या देशांत पेन्शनच्या अपिलांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणांचा कायदा झाला, आणि पुराव्याचें ओझें शिपायाच्या खांद्यावरून उतरून सरकारी खात्याकडे गेलें. या सर्व इतिहासांतील खरी लढाई याच ओझ्याची आहे.

स्वतंत्र हिंदुस्थानांत 1961 च्या पेन्शन-नियमांनीं दोन अटी घातल्या: व्याधि नोकरीमुळें जडलेली किंवा नोकरीनें बळावलेली असावी, आणि अपंगत्व निदान 20 टक्के भरावें. 1982 च्या नियमांनीं तर उदारपणानें असें म्हटलें कीं, भरतीच्या वेळीं तपासणींत दोष नोंदलेला नसेल, तर शिपाई निरोगी होता असें धरावें; पुढें प्रकृति ढासळली तर ती नोकरीमुळेंच असें मानावें; दावेदाराकडे पुरावा मागूं नये आणि रास्त शंकेचा फायदा त्यासच द्यावा. ताणामुळें बळावणाऱ्या रोगांच्या यादींत मनोविकारांनाही जागा मिळाली.

लष्करी वैद्यांच्या मार्गदर्शिकेंतील 2008 च्या दुरुस्तीचें या विषयावरील कलम तर मुळांतूनच वाचण्याजोगें आहे. युद्धक्षेत्र, अगदीं एकाकी ठाणें हीं कारणें तींत आहेतच. पण रजा नाकारल्यापासून तीन महिन्यांच्या आंत मन बिघडलें तर तेंही नोकरीनें बळावलें असें मानण्याची सोय तींत आहे. रजा कशासाठीं मागितली होती? बायको किंवा मूल दगावलें म्हणून. घरावर नैसर्गिक आपत्ति कोसळली म्हणून. वडील नाहींत आणि एकुलत्या एका भावास बहिणीचें लग्न लावून द्यावयाचें म्हणून. रुक्ष सरकारी कागदांत संसार इतका ओळखीचा होऊन क्वचितच उतरला असेल.

पण एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें आंखडलें गेलें. 2008 च्याच हक्कविषयक नियमांनीं सुटकेनंतर पंधरा वर्षांनीं मागणी करणारावर पुराव्याचा भार टाकला. मोडलेल्या पायाचा माणूस दुसऱ्या दिवशीं अर्ज करतो. उदासीनतेनें ग्रासलेला मनुष्य अंथरुणांतून उठावयास तयार नसतो. आणि वेडा म्हणवून घेण्याच्या भीतीनें घरचींही माणसें गप्प बसतात. विलंब हें येथें रोगाचेंच लक्षण आहे, ही गोष्ट नियम लिहिणारांच्या ध्यानांत आली नाहीं असें म्हणावें लागतें.

न्यायालयांचाही कल एकसारखा राहिला नाहीं. 2013 सालीं सर्वोच्च न्यायालयानें फेफऱ्याच्या एका प्रकरणांत शिपाई निरोगी होता हें गृहीतक ठामपणें उचलून धरलें. त्याच वर्षीं, मनोविकाराच्या कारणावरून 1977 सालीं घरीं पाठविलेल्या दुसऱ्या एका शिपायाची फेरतपासणी करण्याचा हुकूम दिला. मध्यें छत्तीस वर्षें गेलीं होतीं. उलट 2019 सालीं त्याच न्यायालयानें असें ठरविलें कीं, भरतीच्या तपासणींत मनोविकार सहसा पकडतां येत नाहीं, म्हणून तो नोकरीमुळेंच झाला असें आपोआप धरतां येणार नाहीं. हा युक्तिवाद अगदींच पोकळ नाहीं. परंतु 2025 च्या मे महिन्यांत पुन्हा स्पष्ट झालें कीं, वैद्यकीय मंडळास आपल्या मताचीं कारणें लिहावींच लागतील. कारणांवांचून दिलेल्या मतावर माणसाचें पेन्शन बुडवितां येणार नाहीं.

पुसद तालुक्यांतील एखाद्या माजी सैनिकास ही दाद मागावयाची तर पहिला रस्ता यवतमाळचा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे. तेथून कागद अभिलेख कार्यालयाकडे व प्रयागराजच्या लष्करी पेन्शन-कचेरीकडे जातात. नकार आल्यास पहिलें अपील, मग दुसरें. तेंही फेटाळलें गेल्यास 2007 च्या कायद्यानें निर्माण झालेलें सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. महाराष्ट्रासाठीं तें मुंबईस, पुसदहून सरळ रेषेनें मोजलें तरी सुमारें पांचशें किलोमीटरांवर. न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयांत जातां येतें, हें सर्वोच्च न्यायालयानें 2023 सालीं निश्चित केलें. त्यामुळें नागपूरच्या खंडपीठाचें दार उघडें राहिलें.

या सर्व प्रवासांत दावेदारास जो कागद सर्वांत उपयोगी पडावयाचा, तो म्हणजे नामंजूर झालेला रजेचा अर्ज. तो राहतो पलटणीच्या दप्तरांत. घरच्या ट्रंकेंत असतो तो सुटकेचा दाखला, आणि त्यावर रोगाचें नांव इंग्रजींत लिहिलेलें असतें.