जर्सीचे बिनपगारी पोलिस

फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यालगतचे जर्सी हे चॅनेल बेटांतील सर्वांत मोठे बेट. क्षेत्रफळ सुमारे ११८ चौरस किलोमीटर. २०२१च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १,०३,२६७. बेट ब्रिटिश राजसत्तेच्या अधीन असले तरी युनायटेड किंग्डमचा भाग नाही. त्याचे विधिमंडळ, कायदे आणि न्यायालये स्वतंत्र आहेत. एवढ्याशा बेटावर दोन पोलिस यंत्रणा काम करतात. एक पगारी, दुसरी बिनपगारी आणि लोकांमधूनच निवडली जाणारी. अटक केलेल्यावर आरोप ठेवण्याचा अधिकार परंपरेने या दुसरीकडे आहे.

बेटाचे १२ पॅरिश, म्हणजे स्थानिक प्रशासनाचे विभाग आहेत. पॅरिशच्या प्रमुखास कॉन्स्टेबल म्हणतात. तो आपल्याकडील शिपाई नव्हे, तर निवडून आलेला आणि विधिमंडळात बसणारा लोकप्रतिनिधी. मानद पोलिसांत सेंटेनिअर, विंटेनिअर आणि कॉन्स्टेबल्स ऑफिसर अशी उतरंड असते. पहिल्या दोन नावांत शंभर आणि वीस या अर्थाचे फ्रेंच शब्द आहेत. सेंटेनिअरची निवड तीन वर्षांसाठी होते. हे सारे आपापला नोकरी-व्यवसाय सांभाळून काम करतात. त्यांचे सर्वोच्च प्रमुखपद अ‍ॅटर्नी जनरलकडे असते.

किरकोळ गुन्ह्यांत सेंटेनिअर पॅरिशच्या सभागृहात चौकशी करतो. संबंधिताने गुन्हा कबूल केल्यास समज देऊन किंवा ठरावीक मर्यादेत दंड करून प्रकरण तेथेच मिटवता येते. प्रकरण गंभीर असल्यास ते न्यायालयात जाते. तरुणांवर पहिल्याच चुकीसाठी गुन्हेगारीचा शिक्का बसत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण मानला जातो.

या व्यवस्थेची मर्यादा १८४६मध्ये उघड झाली. सेंट हेलियर या राजधानीत एका कुंटणखान्यावर कारवाई करण्यास गेलेले सेंटेनिअर जॉर्ज ल क्रोनिये यांचा भोसकून खून झाला. वाढत्या बंदरशहराचा बंदोबस्त हौशी माणसांच्या आवाक्याबाहेर गेला होता. अखेर १८५३च्या कायद्याने सेंट हेलियरसाठी १० पगारी पोलिस नेमण्यात आले. हेच आजच्या 'स्टेट्स ऑफ जर्सी पोलिस' दलाचे मूळ. पुढे त्याचे कार्यक्षेत्र बेटभर विस्तारले आणि १९७४च्या कायद्याने त्याची नवी घडी बसली. गंभीर गुन्ह्यांचा तपास याच दलाकडे असतो.

सर्वजण एकमेकांना ओळखतात, हे लहान बेटाच्या पोलिसांचे बळ असते आणि अडचणही. 'ओ द ला गारेन' या जुन्या बालगृहातील अत्याचारांचा तपास २००८मध्ये जगभर गाजला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पोलिसप्रमुख ग्रॅहम पॉवर यांना निलंबित करण्यात आले. ते २०१०मध्ये निवृत्त झाले. राजकारणी आणि पोलिसप्रमुख यांच्यात अंतर हवे, हा मुद्दा त्यामुळे ऐरणीवर आला. २०१२च्या कायद्यात पोलिसांवरील देखरेखीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाची तरतूद झाली. १९४५नंतरच्या बालसंगोपन व्यवस्थेची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१७मध्ये अहवाल दिला. मुलांच्या बाबतीत यंत्रणा दशकानुदशके अपयशी ठरल्याचे त्यात नमूद आहे. प्रस्थापितांना सांभाळून घेणारी 'जर्सीची रीत' अनेक साक्षीदारांनी आयोगापुढे मांडली होती.

मानद पोलिस तरीही टिकून आहेत. शेजारच्याला समज देण्यासाठी ओळखीचा माणूस उपयोगी पडतो. पण तक्रार प्रतिष्ठितांविरुद्ध असेल, तेव्हा तीच ओळख तक्रारदाराला धाकाची वाटू शकते. बिनपगारी पोलिसांच्या अधिकारांवरील जर्सीतील वाद मुख्यतः याच प्रश्नाभोवती फिरतो.